नोंदवहीत न मावलेले दारिद्र्य : पूर्वीचे उत्पन्न व राहणीमान कसे मोजावे?

खापर हे गाव नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यात, अक्कलकुव्याहून गुजरातेत अंकलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले आहे. काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या निमित्ताने आम्ही तेथे प्रवचनासाठी गेलो होतो. विषय अंगुत्तरनिकायाच्या छक्कनिपातातील इणसुत्ताचा होता. दारिद्र्यातून ऋण, ऋणातून व्याज, व्याज थकले की तगादा, मग पाठलाग आणि शेवटी बंधन, अशी गृहस्थाच्या दुःखाची साखळी भगवंतांनी त्यात उलगडली आहे. प्रवचन संपल्यावर एक वृद्ध उपासक जवळ आले आणि म्हणाले, "सर, माझे आजोबा पंचवीस वर्षे सालदार होते. ते गरीब होते हे आम्हांला ठाऊक आहे. पण नेमके किती गरीब होते, हे काढता येईल का?"

त्या दिवशी आमच्याजवळ उत्तर नव्हते. पालीच्या अभ्यासकाला असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. परंतु प्रश्न रास्त होता. 'आपले पूर्वज गरीब होते' हे विधान आपण सभांतून इतक्या वेळा ऐकतो की, ते मोजता येते आणि मोजले पाहिजे याचे भान राहत नाही. उलट 'पूर्वी गावगाड्यात सर्वांना पोटापुरते मिळत होते' असे म्हणणारेही आहेत. दोन्ही विधाने पुराव्याशिवाय केली जातात. प्रस्तुत लेख त्या उपासकांच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ, कारण तेथे हिशेब तपासून पाहण्याची सोय आहे. नाशिकच्या लेण्यांतील दहाव्या क्रमांकाच्या विहारात नहपानाचा जावई उषवदात याचा वर्ष 42 चा दानलेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी तीन हजार कहापणांची अक्षय ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. दोन हजार एका श्रेणीकडे शेकडा एक दराने आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मूळ रक्कम परत घ्यायची नव्हती, केवळ व्याज वापरायचे होते. दोन हजारांच्या व्याजातून विहारात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कहापण चीवरासाठी द्यावयाचे होते.

आता शेकडा एक हा दर दरमहाचा की वर्षाचा? वीस भिक्खू गुणिले बारा, म्हणजे 240 कहापण. दोन हजारांवर दरमहा शेकडा एकप्रमाणे वर्षाचे व्याज होते तेही बरोबर 240. दर मासिक होता हे लेखातील दुसऱ्या आकड्यानेच सिद्ध झाले. अपुऱ्या नोंदींतून अर्थ काढण्याची पहिली रीत ही : एका आकड्याची साक्ष दुसऱ्या आकड्याकडून तपासावयाची.

हाच लेख आणखी एक गोष्ट सांगतो. उषवदाताने देव-ब्राह्मणांना सत्तर हजार कार्षापणांचे दान दिले आणि पस्तीस कार्षापणांचे एक सुवर्ण या हिशेबाने ती रक्कम दोन हजार सुवर्ण होते, असे तेथे नोंदविले आहे. एका भिक्खूचा वर्षाचा वस्त्रखर्च बारा कहापण धरला, तर हे एकच दान सुमारे 5,833 जणांच्या वर्षाच्या वस्त्रखर्चाइतके भरते. विषमतेचे इतके थेट मोजमाप प्राचीन काळातून क्वचितच हाती लागते.

परंतु व्याज भरणारे विणकर कोठे आहेत? श्रेणीचे नाव आहे, दर आहे, ठेव आहे. मात्र मागावर बसणाऱ्या माणसाला दिवसाकाठी काय मिळत होते, याविषयी शिळा मूक आहे. दात्याने शिळेवर कोरले, घेणाऱ्या संघाने सांभाळले. कमावणाऱ्याला कोरण्याचे कारणच नव्हते. येथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. जातककथांत 'ऐंशी कोटींचा धनी', 'पाचशे गाड्या' असे आकडे वारंवार येतात. ते कथनाचे संकेत आहेत, गणना नव्हे. काही लेखकांनी त्यांवरून बुद्धकालीन संपत्तीचे हिशेब मांडले आहेत. आम्हांला ते पटत नाहीत. मासक आणि कहापण ही नाणी जातकांत आहेत म्हणून त्यांतील प्रत्येक मजुरी खरी ठरत नाही.

दोन हजार वर्षांची उडी घेऊन आता खानदेशात यावे. खानदेश 1818 साली इंग्रजांकडे गेला आणि कागदांचा पूर आला. सर्वे-सेटलमेंटचे अहवाल, 1880 चे खानदेश गॅझेटियर, धान्याच्या दरांची कोष्टके, दर दहा वर्षांची शिरगणती. सेटलमेंटच्या अहवालांत गावोगावची घरे, कौलारू किती नि गवताने शाकारलेली किती, बैल, गाड्या, विहिरी यांचीही मोजदाद असे. राहणीमानाच्या अभ्यासकाला ही मोठीच ठेव आहे, कारण उत्पन्न लपविता येते, छप्पर लपविता येत नाही. खापर या शब्दाचा अर्थच मुळी फुटक्या मडक्याचा तुकडा. तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे 1955 साली उत्खनन झाले, तेथेही जुन्या वस्त्यांची क्रमवारी मुख्यतः खापरांवरूनच लावली गेली. लिहिता न येणाऱ्यांनी मागे ठेवलेला दस्तऐवज हाच.

कागदांचा हा पूर मात्र सर्वत्र सारखा पोहोचला नाही. तापीकाठच्या काळ्या जमिनीतील गावांची मोजणी झाली, कारण तेथून सारा यावयाचा होता. सातपुड्याच्या पायथ्याशी आणि डोंगरात काठी, सिंगपूर, गव्हाळी, नाल, नवलपूर, चिखली ही मेवासी संस्थाने होती. तेथे साऱ्याची व्यवस्था निराळी होती, त्यामुळे खालशातील गावांसारखी शेतवार नोंद डोंगरातील भिल्ल-पावरा कुटुंबांची मिळत नाही. नोंदीतील पोकळी योगायोगाने पडत नाही. जेथून वसुली होती तेथे शाई पोहोचली. म्हणून उपलब्ध नोंदींची सरासरी काढून ती साऱ्या जिल्ह्याला लावणे म्हणजे ज्यांची नोंदच झाली नाही, त्यांनाही नोंद झालेल्यांइतके सुखवस्तू ठरविणे होय.

सरासरीचा मोह फार जुना आहे. दादाभाई नौरोजी यांनी 1876 साली हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधात दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले. सरकारच्या वतीने 1882 साली बेअरिंग यांनी सत्तावीस रुपये सांगितले. वाद वीस की सत्तावीस यावर झाला. परंतु दादाभाईंच्या पद्धतीतील आम्हांला अधिक मोलाचा वाटणारा भाग निराळा आहे. तुरुंगातील कैद्याला जगण्यापुरते जे अन्नवस्त्र दिले जाते त्याची किंमत त्यांनी काढली आणि सामान्य माणसाचे उत्पन्न तिच्याशी ताडून पाहिले. रुपयाला रुपयाने न मोजता जगण्याच्या गरजेने मोजणे, हा मार्ग त्यांनी दाखविला.

आजचे आर्थिक इतिहासकार हाच मार्ग अधिक काटेकोरपणे वापरतात. रॉबर्ट ॲलन यांनी निरनिराळ्या देशांसाठी जगण्यापुरत्या गरजांची एक टोपली ठरविली : दर प्रौढ माणशी दिवसाला सुमारे 1,940 कॅलरी देणारे स्वस्त धान्य, थोडी डाळ, तेल, कापड, जळण. कुटुंबाची गरज तीन प्रौढांइतकी आणि कामाचे दिवस वर्षाला 250 धरतात. वर्षाच्या मजुरीला या टोपलीच्या खर्चाने भागले की गुणोत्तर मिळते. एक आले तर कुटुंब जेमतेम जगले. एकाहून खाली गेले तर उपासमार, कर्ज किंवा दुसऱ्या कोणाची मजुरी.

सालदाराच्या प्रदेशात हे ज्वारीत मांडून पाहू. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी धरलेले आहेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे 350 कॅलरी असतात. म्हणजे एका प्रौढाला दिवसाला साधारण साडेपाचशे ग्रॅम, तीन प्रौढांइतक्या कुटुंबाला वर्षाला सहाशे किलो. मीठ, तेल, कापड, जळण यांसाठी आणखी चौथा हिस्सा धरला तर गरज साडेसातशे किलो ज्वारीइतकी होते. रोजची मजुरी तीन किलो ज्वारीइतकी असेल आणि 250 दिवस काम मिळाले, तर 750 किलो. गुणोत्तर बरोबर एक. तीच मजुरी, परंतु काम दीडशेच दिवस मिळाले, तर 450 किलो, गुणोत्तर 0.6. मजुरीचा दर एका कवडीने बदलला नाही, तरी कुटुंब जगण्याच्या रेषेवरून उपासमारीत गेले. आता पाहा : सरकारी कोष्टकांत मजुरीचा दर आहे, धान्याचा दर आहे, परंतु कामाचे दिवस किती मिळाले हे कोठेच नाही. ज्या आकड्यावर सारे अवलंबून, तोच गाळलेला.

सालदाराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. खानदेशात सालदारकी साधारणतः आखाजीच्या सुमारास ठरते. वर्षाची रोख रक्कम, त्याबरोबर धान्य, कपडा, घोंगडी, पायताण, कोठे जेवण. आणि लग्नकार्यासाठी घेतलेली उचल. गैरहजेरीचे खाडे वजा. सालदाराला कामाच्या दिवसांची चिंता नाही, तो वर्षभर बांधलेला. मात्र उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच धन्याकडे, आणि त्याही पुढचे. इणसुत्तातील 'बन्धन' हा शब्द येथे अलंकार राहत नाही. अशा माणसाचे उत्पन्न केवळ रोख रकमेने मोजले तर फार कमी दिसते, धान्य-कपडा सगळा जमेस धरला तर मोकळ्या मजुरापेक्षा बरे दिसते. आणि धनी बदलण्याची मुभा गमावल्याची किंमत कोणत्याच रकान्यात येत नाही. शहादे तालुक्यात 1970 नंतर श्रमिक संघटनेच्या आणि अंबरसिंग महाराजांच्या चळवळीत जमिनींइतकाच सालदारांचा प्रश्न पुढे आला, तो याच कारणाने.

सालदाराच्या पत्नीचे काय? गोठा झाडणे, शेण काढणे, निंदणी-वेचणी. यांतील बरेचसे काम सालात धरलेले असे. आम्ही वाचलेल्या हिशेबांत ती दिसत नाही. डोंगरातील कुटुंबांचे तर अर्धेअधिक जगणे रोख व्यवहाराबाहेर होते. मोहाची फुले, कंदमुळे, चारोळी, मासे, लाकूड यांची किंमत बाजारात लागत नसे, म्हणून उत्पन्नात धरली जात नसे. 1878 च्या वनकायद्याने जंगलाची वाट अरुंद केली, तेव्हा या कुटुंबांचे राहणीमान घटले असले पाहिजे. पण मजुरीच्या कोष्टकात त्याचा ओरखडाही उमटणे शक्य नव्हते. उलट जंगल सुटल्यामुळे माणूस मजुरीला आला, तर कागदावर त्याचे उत्पन्न वाढलेलेच दिसेल.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात याच जातीचा भ्रम दूर केला होता. धारणक्षेत्र लहान की मोठे हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर लागणाऱ्या भांडवलाशी आणि श्रमाशी त्याचे प्रमाण काय, यावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. एकरांची नोंद म्हणजे राहणीमानाची नोंद नव्हे. सुमारे त्याच सुमारास हॅरोल्ड मॅन यांनी पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावात घरोघर हिशेब घेतला. 1917 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीतील 103 कुटुंबांपैकी केवळ 8 कुटुंबे जमिनीवर नीट उभी होती, 28 कुटुंबांना जमिनीबरोबर मजुरी जोडावी लागे आणि उरलेली 67 दोन्ही करूनही खर्च भागवू शकत नव्हती. असा हिशेब खापरच्या परिसरातील गावांचा त्या काळी कोणी घेतला असता तर आमचे काम सोपे झाले असते.

घरोघरचे हिशेब नसतील तेथे अभ्यासक समाजाचे मोठे गट करतात आणि प्रत्येक गटाला लोकसंख्येतील व उत्पन्नातील वाटा अंदाजाने देतात. अँगस मॅडिसन यांनी 1971 साली हिंदुस्थानाची अशी दोन कोष्टके मांडली. मुघल काळच्या कोष्टकात आदिवासी श्रमिक दहा टक्के, त्यांचे उत्पन्न तीन टक्के. ब्रिटिश राजवटीच्या अखेरीस सात टक्के श्रमिक, दोन टक्के उत्पन्न. म्हणजे दोन्ही वेळा सर्वसाधारण सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दुसऱ्या कोष्टकात भूमिहीन मजूर व गावकामगार श्रमिकांत सतरा टक्के असून त्यांच्या वाट्याला उत्पन्नाचे चारच टक्के येतात. ही ओळ आमच्या वाचकांनी दोनदा वाचावी.

परंतु खरी मेख पुढे आहे. मुघल काळच्या कोष्टकात सारे गाव एका ओळीत आहे : बहात्तर टक्के श्रमिक, पंचेचाळीस टक्के उत्पन्न. वतनदार पाटील, कुळ, सुतार, महार, मांग सारे त्या एका ओळीत बसविलेले. दुसऱ्या कोष्टकात तेच गाव चार ओळींत विभागलेले आहे. विषमता मोजण्याचे जे परिचित माप आहे, जिनी गुणांक, ते शून्य असेल तर सर्वांना सारखे आणि एकाच्या जवळ गेले तर सारे एकाकडे, असे सांगते. एका ओळीतील सर्वांना सारखे उत्पन्न आहे असे धरूनच ते काढावे लागते. पाटील आणि येसकर यांना एका ओळीत ठेवले की त्यांच्यातील अंतर हिशेबातून नाहीसे होते. मग दोन काळांचे गुणांक शेजारी ठेवून 'गावातील विषमता पूर्वी कमी होती' असे म्हणणे म्हणजे रकान्यांच्या संख्येला इतिहास समजणे. बलुतेदारीच्या सुसंवादाविषयी जे लिहिले जाते, त्यातील पुष्कळसे असेच एका ओळीचे आहे.

आणखी एक सूक्ष्म बाब. समाज अतिशय गरीब असेल तर विषमतेला वरून मर्यादा पडते, कारण माणसाला जगण्यापुरतेही न ठेवता लुटले तर लुटण्यासाठी माणूसच उरत नाही. सरासरी उत्पन्न जगण्याच्या गरजेच्या दुप्पट असेल, तर जास्तीत जास्त अर्धेच उत्पन्न काढून घेता येते, आणि गुणांक 0.5 च्या फारसा वर जाऊ शकत नाही. मिलानोविच, लिंडर्ट व विल्यमसन यांनी यावरून सुचविले की, नुसता गुणांक न पाहता शक्य असलेल्या लुटीपैकी किती लूट प्रत्यक्षात झाली ते पाहावे. गरीब समाजातील 0.45 हा गुणांक श्रीमंत समाजातील तेवढ्याच गुणांकापेक्षा कितीतरी क्रूर असू शकतो.

वरच्या टोकाची नोंद निराळ्या कारणाने अपुरी आहे. प्राप्तिकराच्या आकड्यांवरून अभिजित बॅनर्जी व तोमा पिकेटी यांनी 1922 पासूनची वरच्या वर्गाच्या उत्पन्नाची मालिका बांधली. पुढील अभ्यासांनुसार वरच्या एक टक्का लोकांचा वाटा 1930 च्या दशकाअखेर एकवीस टक्क्यांच्या आसपास होता, 1980 च्या दशकारंभी तो सहा टक्क्यांवर आला आणि 2022-23 मध्ये 22.6 टक्क्यांवर गेला. मालिका मोलाची आहे. मात्र 1886 च्या कायद्यापासून शेतीचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे. म्हणजे सावकाराची नोंद सापडेल, पण चारशे एकरांचा धनी केवळ शेतीवर जगत असेल तर सापडणार नाही. खानदेशसारख्या प्रदेशात ही उणीव लहान नव्हे.

आता आपल्या घरचा प्रश्न. महाराष्ट्रातील बौद्ध कुटुंबांची प्रगती किती झाली हे मोजू पाहणाऱ्याला एक विचित्र अडथळा येतो. 1951 च्या जनगणनेत साऱ्या भारतात बौद्ध सुमारे 1 लाख 81 हजार होते. 1961 साली एकट्या महाराष्ट्रात 27 लाख 89 हजार. ही 1956 च्या धम्मदीक्षेची नोंद आहे आणि तिचा आम्हांला अभिमान आहे. परंतु बौद्ध म्हणून नोंद झालेले कुटुंब जनगणनेतील अनुसूचित जातींच्या कोष्टकांतून बाहेर पडले. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झाला, तेव्हा महाराष्ट्रातील अनुसूचित जातींचे प्रमाण 1981 च्या 7.1 टक्क्यांवरून 1991 साली 11.1 टक्क्यांवर गेले. दहा वर्षांत माणसे इतकी वाढली नव्हती. व्याख्या बदलली होती. म्हणून 1961 ते 1981 या काळातील 'अनुसूचित जातींची साक्षरता' वाचताना त्यात आपण बहुसंख्येने नाही, हे ध्यानात ठेवावे लागते. आदिवासींच्या बाबतीतही असेच घडले. 1976 साली क्षेत्रबंधन उठल्यावर महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींचे प्रमाण 1971 च्या 5.9 टक्क्यांवरून 1981 साली 9.2 टक्के दिसले.

जिल्ह्यांच्या सीमांनीही हेच केले. खानदेशाचे 1906 साली पूर्व व पश्चिम असे भाग झाले, पश्चिम खानदेशाचा पुढे धुळे जिल्हा झाला आणि 1 जुलै 1998 रोजी त्यातून नंदुरबार वेगळा निघाला. तोपर्यंत खापरचे दारिद्र्य धुळे शहराच्या आणि तापीकाठच्या बागायतीच्या सरासरीत मिसळलेले होते. 2012 च्या महाराष्ट्र मानव विकास अहवालात नंदुरबार सर्व जिल्ह्यांत तळाशी दिसला. तो त्या वर्षी तळाशी गेला नाही. त्याची स्वतंत्र ओळ झाली तेव्हा तो दिसू लागला.

तर मग त्या उपासकांच्या आजोबांचे काय? आम्ही त्यांना एक कागद धाडला. साल कोणत्या महिन्यात ठरे, रोख किती, धान्य किती पायली, जेवण धन्याकडे की घरी, घोंगडी किती वर्षांनी, खाडे कसे कापत, उचल किती व ती कोणत्या कार्यासाठी, आजी काय काम करीत व तिला काय मिळे. उत्तरे त्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून पाठविली. काही आठवणी एकमेकींशी जुळत नव्हत्या. त्या आम्ही दोन्ही ठेवल्या. उषवदाताच्या लेखात जसा एक आकडा दुसऱ्याची साक्ष देतो, तशी येथेही एक साक्ष मिळाली : धान्याच्या पायल्यांविषयी दोघांचे मत निराळे होते, परंतु वर्षाच्या कोणत्या महिन्यात घरातील कणगी रिकामी होई याविषयी सर्वांचे एकमत होते. कणगी आषाढात संपे. आखाजीला, वैशाखात, मिळालेले धान्य आषाढात संपत असेल, तर पुढचे महिने कशावर निघत, हे आजीच्या मजुरीशिवाय सांगता येत नाही.

एक आकडा आम्ही दिला नाही, दोन दिले. केवळ आजोबांचे रोख आणि धान्य धरले तर कुटुंबाची गरज जेमतेम अर्धी भागत होती. आजीची मजुरी, जेवण व कपडा यांचा सढळ अंदाज धरला तरी गुणोत्तर एकापर्यंत पोहोचत नव्हते. खरी स्थिती या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असणार. आजीच्या नावापुढे उपासकांनी लिहिले होते, 'ठरलेले काही नव्हते, देतील ते घ्यायचे.' त्या रकान्यात आकडा भरता आला नाही. रकाना मात्र आम्ही कोष्टकात ठेवला आहे.